कागदावरचं कुंकू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही.

एक शर्ट होता. मोतिया रंगाचा, रेशमी, पुढे शिंपल्याची बटणं. घाटकोपरच्या मॉलमध्ये ट्रायल रूमच्या आरशासमोर मी तो घालून उभी राहिले आणि — हसू नकोस — मला मी आवडले. ऑफिसात नुकतीच बढती मिळाली होती, स्वतःला एक चांगलं काहीतरी घ्यावं, एवढंच मनात होतं. किंमत मात्र अशी, की घरी सांगताना जीभ अडखळली. नवरा म्हणाला, "यार, एका शर्टाला एवढे? परत करता येतो ना?"

येत होता, आठवड्याच्या आत.

तो आठवडा मी जणू झोपेतच वावरले. शर्ट कपाटाच्या दाराला टांगलेला. संध्याकाळी खिडकीतून उन्हं आत यायची, पंख्याच्या वाऱ्याने त्याची बाही हलायची, आणि मी मेथी निवडता निवडता त्याच्याकडेच बघत राहायचे. ठेवावा? शिवण इतकी बारीक की शोधावी लागते. पण धुवायचा कसा? घालून जायचं कुठे? आणि तो अंगात असताना आरशात जी कोण दिसली होती — तिलाही दुकानात परत देऊन यायचं?

माझ्या सासूबाई मालवणच्या. घरात नवं कापड आलं की ते देवापुढे ठेवायचं, कोपऱ्याला कुंकवाचं बोट टेकवायचं, मगच अंगाला लावायचं, ही त्यांची रीत. परत देण्याची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी मी घरी आले, तर शर्ट घडी घालून देव्हाऱ्यासमोर. मी पर्स खांद्यावरच ठेवून पुढे धावले.

"भिया नको गो," त्या म्हणाल्या. "कापड नाजूक आसा, म्हणान कागदाक लावलंय."

खरंच. लाल ठिपका घडीत घातलेल्या, दुकानातून आलेल्या पातळ कागदावर होता. शर्ट कोरा. सासूबाई समईचं तेल आणायला आत गेल्या. आणि मी — मी करंड्यात बोट बुडवलं आणि कॉलरला आतून टेकवलं. डाग पडलेला कपडा दुकान परत घेत नाही, हे मला ठाऊक होतं.

रात्री नवऱ्याला म्हटलं, आईंनी कुंकू लावलंय, आता कोण परत घेतंय? तो आईवरच चिडला. त्यांनी शर्ट हातात घेतला, डाग पाहिला. मग स्वतःचं बोट उलटसुलट करून पाहिलं.

"हात कापतंत हल्ली," त्या म्हणाल्या. "माझोच लागलो आसतलो."

तेव्हा बोलता आलं नसतं का? मी कुकर लावायला उठले.

शर्ट चांगलाच निघाला. अजून एक बटण ढिलं नाही, मैत्रिणी अजून विचारतात कुठून घेतला म्हणून.

गेल्या दिवाळीत लेकीचा नवा फ्रॉक आला. तो घेऊन ती सवयीने आजीसमोर बसली, कोपरा पुढे धरून. सासूबाईंनी करंडा उघडला. थोडा वेळ त्यात नुसतं बघत राहिल्या आणि झाकण लावलं.

"नको गो बाय. खराब जायत."

आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मी ऑफिसातून नुकतीच येऊन दारात उभी होते. अंगात तोच शर्ट होता.