भिंतीवरची पुराची रेघ

दुकानाच्या भिंतीवर, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, पुराच्या पाण्याची रेघ आहे. रंगारी वरून रंग लावत तिच्यापर्यंत आला, तेवढ्यात अमेरिकेतून लेकीचा फोन आला.

"बाबा, आमच्या राज्यात कायदा झालाय. हवा तापवणाऱ्या तेलकंपन्यांनी पुराच्या नुकसानीचा वाटा उचलायचा."

तिच्या बंगल्याचा मला कधी हेवा वाटला नाही. या कायद्याचा मात्र जळफळाट होईपर्यंत वाटला. जन्मभर घासाघीस करून मी हे कापडाचं दुकान उभं केलं. पण पुराच्या नुकसानीबद्दल घासाघीस करायला माझ्यासमोर कोणी बसलंच नाही. तिच्या राज्यातल्या लोकांनी त्या तेलकंपन्यांना समोर आणून बसवलं.

"शेठ, रेघ बुजवू ना?" रंगाऱ्याने विचारलं.

"हात लावू नकोस!" मी खेकसलो. "उद्या कोणी नुकसानीचा भाव करायला आलंच, तर माल दाखवायला नको?"