गालिच्याखालची ऐरण

"ऐरण नदीत टाकू म्हंतोस? आरं अजहर, परवापतुर तिच्यावर गुलाबपानी शिंपडत हुतास की रं."

"हळू बोल, शादानदा. बुखाऱ्याची मानसं येशीतनं आत आल्यात. तांबट राजा कुठं ठोकत हुता म्हून इचारलं तर काय दावू?"

"तुजं त्वांड दाव."

सिस्तानातल्या झरंज शहरच्या तांबट आळीचा म्होरक्या अजहर दोन गडी आणि काथ्याचा दोर घेऊन आला होता. शादान गालिच्यासकट ऐरणीवर मांडी ठोकून बसला. उठायचं नाव नाही.

तरणा होता तेव्हा त्याच्या हातची मठारलेली घागर घ्यायला बुस्तहून गिऱ्हाईक यायचं. मग आळीतल्याच एका तांबटानं हातोडा टाकला, तलवार धरली आणि बघता बघता सिस्तानचा अमीर झाला. हेरात घेतलं, काबूल घेतलं, शिराज घेतलं, थेट बगदादच्या खलिफाला धडक दिली. सफ्फारी घराणं, म्हणजे तांबटांचंच. आळीची छाती फुगली. ज्यांनी त्या पोराला कधी घोटभर पाणी पाजलं नव्हतं ते सांगू लागले, आमच्याच ताटात जेवायचा.

त्यात आवई उठली, की राजा जिथं ठोका घालायला शिकला त्या आळीला कर माफ होणार. आता तो नेमका कुठं ठोकत होता हे एकालाही आठवेना. शादानची ऐरण सगळ्यात जुनी, खड्ड्याखड्ड्यांची. तीच राजाची ठरली. शादानही त्या दिवशी मिशीतल्या मिशीत हसला. दुसऱ्या दिवशी हातोडा उचलला तर अजहरनं मनगट धरलं. राजाच्या गादीवर घागर ठोकतोस का म्हणाला. ऐरणीवर गालिचा चढला, त्याला गोंडे लागले. दुसरी ऐरण मांडावी तर दुकानात जागा नाही. सगळी जागा बघ्यांना. कर काही माफ झाला नाही, पण गालिचाही निघाला नाही.

बघ्यांना गोष्ट सांगणं एवढंच शादानचं काम उरलं. घर चालायचं ते बायकोच्या, माहबानूच्या चातीवर. दुकानाच्या मागच्या दारात सूत कातताकातता ती म्हणायची, "राजा मोठा झाला तुमच्या ऐरनीवर, आन् चूल इझली आपली."

पुढं तो अमीर गेला. भाऊ गादीवर बसला, तो उत्तरेला बुखाऱ्याच्या सामानींशी लढताना धरला गेला आणि बांधून बगदादला धाडला गेला. मागं राहिलेले एकमेकांच्या उरावर बसले. शुक्रवारच्या खुत्ब्यात, मशिदीतल्या प्रवचनात, राजा म्हणून कुणाचं नाव येणार यावर आळीत पैजा लागायच्या. आणि दर नव्या नावाला अजहर गालिच्याला एक नवा गोंडा लावायचा.

आता त्याच सामानींनी शहर घेतलं होतं आणि गल्लीत टापा वाजत होत्या. गडी दोर टाकून पळाले. घोड्यावरच्या अंमलदारानं तांबट राजाचं दुकान कुठलं म्हणून विचारलं. डोक्यावर दहाबारा तांब्याच्या घागरी लोंबत असताना अजहर हात जोडून म्हणाला, ह्या आळीत तांबट कधी नव्हतेच सरकार, आम्ही सगळे कल्हईवाले.

शादाननं गालिचा ओढून कोपऱ्यात फेकला. पत्र्याचा तुकडा ऐरणीवर टाकला आणि हाणला. पहिला ठोका अंगठ्यावर बसला. दुसरा पत्र्यावर.

अंमलदार आत वाकला. "राजाची ऐरण म्हणतात ती हीच ना?"

"राजाची असती तर तिच्यावर ह्यो पत्रा ठोकू दिला असता व्हय मला ह्या लोकांनी?"

अंमलदारानं खड्डे पाहिले, म्हाताऱ्याचा रक्ताळलेला अंगठा पाहिला. घोड्यांच्या बादल्या गळतात, संध्याकाळपर्यंत नीट करून दे म्हणाला, बादल्या दारात टाकायला लावल्या आणि निघून गेला.

टापा लांब गेल्यावर अजहर घाम पुसत आत आला. बुखाऱ्याच्या अमिराचा पूर्वज म्हणे उंटं हाकायचा, असं त्याच्या कानावर आलं होतं. आळीत कुणाकडं उंटाचं जुनं खोगीर असंल का, बघून ठेवाय पायजे, असं तो बोलत होता.

"आदी ह्या बादलीची कडी धर," शादान म्हणाला. "घट्ट."

अजहरनं धरली. माहबानूनं चाती खाली ठेवून भाता ओढायला घेतला, आणि शादाननं बादलीचं बूड ऐरणीवर उपडं घातलं.