अण्णांचा रुसवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलासुद्धा नाही. आणि खरं सांगू? आत्ताही आधी हसूच येतंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कानडी मुलखात, चामराजपेटेत राहायचो. माझ्या वडिलांना, अण्णांना, पार्किन्सन झाला होता. हात थरथरायचा. चालता चालता उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडायचे. मग आई ताटली वाजवायची आणि त्या ठेक्यावर अण्णा टाकटाक पावलं टाकत बाहेर पडायचे. ही युक्ती आईनंच शोधून काढलेली. अण्णाही वस्ताद. "चिवड्यावर मीठ भुरभुरायचंय? मला बोलवा, हात तयारच आहे," म्हणायचे. घरात रडगाणं नव्हतंच. मग लाज कुणाला वाटत होती? मला.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या आरतीला झांज अण्णांचीच, वर्षानुवर्षं. त्या वर्षी माझ्या ऑफिसचे साहेब आरतीला यायचे होते. त्यांच्यासमोर थरथरत्या हातातली ती झांज – लोक काय म्हणतील? म्हणून मी – कसं सांगू? – मंडळात जाऊन सांगितलं, अण्णांना यंदा यायचं नाहीये. आणि घरी येऊन अण्णांना सांगितलं, यंदा झांज दुसऱ्या कुणाला दिलीय. ते तेव्हा झांज पुसत बसले होते. फडक्यात गुंडाळून ती बाजूला ठेवली आणि जेवायलाही उठले नाहीत.

पण मंडळाला मी ओळखलंच नव्हतं. यायचं नाही म्हणजे अण्णा रुसले, असा त्यांनी सरळ अर्थ काढला. आणि रुसलेल्या वडीलधाऱ्या माणसाची घरी जाऊन समजूत काढायची, ही आमच्याकडची रीतच. आरती आटोपली तशी सगळी मंडळी ढोलकी घेऊन आमच्या दारात हजर – साहेबांसकट!

"काय हो अण्णा, रुसलाय म्हणे?" मंडळाचे जाधवमामा अर्ध्या कानडीत ओरडले. "सरी, आम्हीच आलोय. स्वल्प बाहेर या की!"

"रुसणार नाही तर काय करणार!" अण्णा आतून गरजले.

आता एकमेकांना विचारतील, मग माझं काय? पण विचारतंय कोण! ढोलकी सुरू झाली आणि अण्णा झांज घेऊन उठले. ठेका मिळाला होता, उंबऱ्याशी पाय अडले नाहीत. झांज मात्र दुप्पट वाजत होती आणि ढोलकीवाला हसत हसत तिच्यामागं धावत होता. साहेब टाळ्या पिटत होते. आई डोळे पुसत हसत होती. इतका आनंद त्या घरात मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि मीही त्यात बेभान होऊन नाचलो.

प्रसाद वाटताना अण्णांनी माझा हात धरला. "तूच आणलंस ना रे यांना?"

मी हो म्हटलं.

पुढं शेवटपर्यंत ते येईल त्याला कौतुकानं सांगायचे – माझ्यासाठी पोरानं अख्खं मंडळ दारात आणलं. मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.