भिमाजी आल्हाट, राहणार भिंगार

नगरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टायपिंगची मशीनं मांडून बसणारे बरेच होते. भिमाजी आल्हाट त्यांतल्या शेवटच्या टेबलावर बसायचा. मूळचा पाथर्डीकडच्या तिसगावचा. भिंगारमध्ये चाळीत त्याची आणि माझी खोली शेजारी, मधली भिंत एकच. मी एस.टी.तून नुकताच निवृत्त झालो होतो, आणि त्याची बायको चांगुणा वारून बरीच वर्षं झाली होती. रविवारी संध्याकाळी मी चहा टाकायचो, तो माझ्या ओट्यावर येऊन बसायचा आणि तिसगावच्या बाजारातल्या गोष्टी सांगायचा. दुसऱ्या कुणाला त्याच्याबद्दल बरं लिहिता आलं असतं. पण त्याला जवळून पाहिलेला आता इथे मीच उरलो आहे.

अठ्ठ्याण्णव साली कोर्टाजवळच्या गोरक्षनाथने आपल्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला प्लायवूडचे आडोसे केले, कॉम्प्युटर बसवले आणि बाहेर 'सायबर कॅफे' अशी पाटी रंगवली. वकिलांचे कारकून म्हणू लागले, आता मशीनवाल्यांचे दिवस भरले. त्याच धास्तीने भिमाजी तिथे शिकायला गेला. चपला बाहेर काढून, देवळात जावं तसा. बसला की सवयीने बटणांवर घाव घालायचा.

"काका, दमानं," गोरक्षनाथ म्हणायचा. "ते नुसतं दाबायचं असतंय. ठोकायचं न्हाई."

ओळ संपत आली की भिमाजीचा डावा हात आपोआप वर जायचा, मशीनचा दांडा ढकलायला. कॉलेजची पोरं त्या हाताची वाट बघत बसलेली असायची.

त्या पोरांनीच एकदा त्याला गप्पांच्या खोलीत नेलं. खोली म्हणजे पडद्यावरची. कुठकुठले लोक एकाच वेळी तिथे लिहीत असतात आणि सगळ्यांचं सगळ्यांना दिसतं, असं त्याने मला नंतर समजावलं. कुणीतरी इंग्रजीत विचारलं, तू कोण, वय काय, कुठला. पोरांना वाटलं, काका आता अडकतात. पण भिमाजीने आयुष्यभर प्रतिज्ञापत्रं टाइप केली होती. त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकलं: मी, भिमाजी रंभाजी आल्हाट, वय त्रेपन्न, धंदा टायपिंग, राहणार भिंगार, पुढे चाळीचं नाव, खोली, तालुका, जिल्हा, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की. आणि तिथे थांबला, कारण पुढे काय लिहून द्यायचं ते सुचेना.

पोरं पोट धरून हसली. पडद्यावरही चेष्टा सुरू झाली. तेवढ्यात तशाच इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ आली. भिंगारचे का तुम्ही? शाळेमागची चिंच अजून आहे?

लिहिणारीने स्वतःचं नाव 'चिंचबोर' ठेवलं होतं. ती बेने इस्राएल, म्हणजे इथलीच मराठी ज्यू, वडील भिंगारच्या लष्करी कॅम्पात नोकरीला होते. बारा वर्षांची असताना घरचे सगळे इस्राएलला गेले. वडील सोडले तर तिकडे मराठी बोलायला आता कुणी उरलं नव्हतं. शनिवार त्यांचा पाळायचा वार, त्या दिवशी ती कॉम्प्युटरला हात लावायची नाही. म्हणून रविवारची संध्याकाळ ठरली.

अशी माझी रविवारची संध्याकाळ गेली. चहा मी टाकायचोच, मग एकट्याचा टाकायला लागलो.

भिमाजीने तिला पहिल्याच दिवशी नाव विचारलं होतं. तिने लिहिलं, नाव नको. नाव सांगितलं की कुठले, कुणाचे, हे सुरू होतं. हे मला सांगताना भिमाजी म्हणाला, "लई बरोबर बोलली ती, रंगनाथराव. तिसगावला मला सगळे आधी आडनाव इचारायचे. आडनाव कळलं की पाण्याचा तांब्या वरनं धरायचे." त्यानंतर त्याने तिला पुन्हा विचारलं नाही.

आठवडाभर तो तिच्यासाठी गाव बघत फिरायचा. कोर्ट सुटलं की सायकल सरळ घरी येत नसे. चिंच रस्त्यात गेली होती. ते कसं लिहावं, या विचारात त्याने दोन रविवार काढले. तिने विचारलेली बेकरी होती, पण बिस्किटांचा वास आता गल्लीच्या तोंडापर्यंत येतो का, हे बघायला तो तीनदा जाऊन उभा राहिला. कोर्टात मशीनवाले टोमणे मारायचे, "भिमाजी, परदेशात सोयरीक जमली म्हणं." तो हसून कागदाखाली कार्बन सारायचा. इतक्या वर्षांत त्याला गावाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही. मला ते सगळं माहीतच होतं.

मग एका रविवारी तिने विचारलं ते असं. भिंगारच्या त्यांच्या घरी दाराच्या चौकटीवर, आत शिरताना उजव्या हाताला, वडिलांनी एक छोटी डबी ठोकली होती. त्यांच्यात देवाचं वचन लिहून असं दाराला लावतात. जाताना वडिलांनी ती काढून नेली. आता वडील फार थकलेत, आणि सारखं विचारतात की त्या दाराला आपली काही खूण राहिली असेल का. बघाल?

भिमाजी एकटा जायला बिचकत होता, म्हणून मला बरोबर घेतलं. तिने सांगितलेल्या खुणांवरून घर सापडलं. दारात लंकाबाई नावाची बाई तांदूळ निवडत होती.

"चौकट बघायची?" ती म्हणाली. "कॅन्टोन्मेंटचे का तुमी? घरपट्टी भरलीय मी."

"न्हाई ताई. हितं आधी राहत हुत्या, त्यांनी सांगितलंय."

"कोण?"

"नाव न्हाई ठावं."

"मग सांगितलं कसं?"

"कॉम्प्युटरवर."

लंकाबाईने माझ्याकडे पाहिलं. "ह्यांचं बरं हाय ना?"

मी म्हटलं, बरं आहे.

चौकटीवर रंगाचे थर चढले होते. भिमाजी अंगठा फिरवत राहिला. एका जागी थांबला, परत खाली आणला. शेवटी लंकाबाईनेच केसातली पिन काढून दिली. रंगाची खपली निघाली आणि खिळ्याचं भोक दिसलं. त्याच्या बरोबर खाली दुसरं.

"आगं बया," लंकाबाई म्हणाली. "हितंच हात टेकून मी रोज चपला घालते."

परत येताना भिमाजी सायकलवर बसलाच नाही. सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालला आणि काय लिहायचं ते मोठ्याने म्हणून बघत होता.

त्या रविवारी चिंचबोर आली नाही. पुढच्याही नाही. तो दर रविवारी जायचा, ती खोली उघडायचा आणि लिहायचा, मी, भिमाजी रंभाजी आल्हाट, राहणार भिंगार. नवे लोक हसायचे आणि आपापल्या गप्पांत परत जायचे. गोरक्षनाथने एकदा विचारलं, "काका, त्यांचा पत्ता तरी घ्यायचा हुता." सगळ्या तालुक्याची नावं-गावं लिहिलेला माणूस उठला आणि बाहेर जाऊन चपला घालायला लागला. त्या रात्री ओट्यावर बसून तो मला एवढंच म्हणाला, "माझा पत्ता हाय ना तिच्याकडं. तिचा म्हातारा बाप हाय तवर कळाया पायजे."

पुढे त्याची नजर कमी झाली. टायपिंग सुटलं. मुलगा सम्राट पिंपरीच्या कंपनीत होता, तो न्यायला आला.

"दादा, हितं एकटं राहून काय करायचंय? काय ठेवलंय हितं?"

"माझा पत्ता हाय हितं," भिमाजी म्हणाला.

सम्राट तेव्हा रिकाम्या हाताने परत गेला. पण नव्व्याण्णवच्या थंडीत भिमाजी ओट्यावरून पडला, आणि मग मीच त्याला जा म्हणालो. जाताना सामान थोडंच होतं. टेम्पोत मशीन चढवलं, गादी चढवली. दारावरची नावाची पाटी मात्र त्याने उपटली आणि माझ्या हातात दिली.

"पत्र आलं तर उघडा. वाट बघू नका माझी. लगेच लिहा. उजव्या बाजूला, दोन भोकं, एकाखाली एक."

त्याच्या खोलीत आता दुसरं कुटुंब आहे. पोस्टमनला मी सांगून ठेवलं आहे. रविवारी संध्याकाळी समोरच्या किराणा दुकानात भिमाजीचा फोन येतो. मी जातो. तो काही विचारत नाही, नुसता हॅलो म्हणून थांबतो. मी म्हणतो, अजून नाही. मग तो विचारतो, चहा झाला का.

पाटी मी माझ्या चौकटीवर लावली आहे. उजव्या हाताला, दोन खिळ्यांनी.