मार डोक्याला, काम पायांना

गवंडी हट्टाला पेटला की देवाच्या बापाचंही ऐकत नसे. नववीतली लेक फुटबॉल खेळताना गोलाच्या खांबावर डोकं आपटून पडली, तेव्हापासून त्यानं तिला आतल्या खोलीत निजवून ठेवलं होतं. खिडकीला जाड चादर, मोबाईल कपाटात, घरात नुसती कुजबुज. शेजारणीनं मिक्सर लावला तरी हा भांडायला हजर! पण आठवडे उलटले तरी पोरीचं डोकं दुखायचं थांबेना, आणि आता ती धड जेवेना की बोलेना.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "पहिले एक-दोन दिवस विश्रांती ठीक होती. आता डॉक्टरांनी तपासलंय, हिला रोज भरभर चालवा. डोकं जरा जड झालं तर चालेल, जास्त दुखायला लागलं की थांबायचं. खेळ मात्र इतक्यात नाही."

"डोक्याला मार लागलेल्या पोरीला पळवायचं?" गवंडी उसळला. "आणि दुखतंय की नाही, ते तीच सांगणार? पोरं कधी खरं सांगतात का?"

त्याचं खरं दुखणं बायकोला ठाऊक होतं. त्याचा धाकटा भाऊ बांधकामाच्या परांचीवरून पडला होता. "काही नाही झालं रे दादा," म्हणत कपडे झटकून पुन्हा कामाला लागला आणि संध्याकाळी जिवानिशी गेला. दादानं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "भावजींना कुणी तपासलंच नव्हतं. हिला तपासलंय. तुम्ही नाही नेलंत तर मी नेते."

मग काय, निघाला मुकाट्यानं. लेक पुढे, हा मागे, दर वळणावर एकच प्रश्न: "दुखतंय का गं?" ती म्हणायची, "नाही." त्या 'नाही'नं बिचाऱ्याचा जीव आणखीच टांगणीला लागायचा. पोरगी मात्र हळूहळू खुलली. पोळी मागून घेऊ लागली, आईची नक्कल करू लागली.

एका संध्याकाळी दोघं शाळेच्या मैदानाजवळून चालले होते. तिच्या संघातल्या मुली कुंपणाशी धावत आल्या. "रविवारी सामना आहे. येतेस ना? आता बरी दिसतेस की!"

लेकीचे डोळे चमकले. ती झपाझप चालू लागली, जवळजवळ पळतच. गवंडी धापा टाकत मागे.

"दुखतंय का गं?"

मैत्रिणी ऐकत होत्या. लेकीनं मान खाली घातली. आता ती काय म्हणणार, हे गवंड्याला माहीत होतं.

ती थांबली. "हो बाबा. वाढलंय. थांबूया."

गवंडी रस्त्याच्या कडेला मटकन बसला आणि चारचौघांत ढसाढसा रडला. पोर घाबरली.

"अहो बाबा, एवढं काही दुखत नाहीये! उद्या परत आणाल ना?"

"आणीन," तो नाक पुसत म्हणाला. "रोज आणीन. तू फक्त असं सांगत जा."