दीपमालेचा उजवा डोळा

भातकुलीच्या केशरबाई तायड्यांची लेक दीपमाला परतवाड्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. सिपना नदीच्या खोऱ्यात कोणकोणती फुलपाखरं आढळतात, याची पाहणी तिनं हाती घेतली होती. सुट्टी मिळाली की शालिकरामची जुनी जीप ठरवायची आणि मेळघाटात शिरायचं. शालिकराम पन्नाशीचा, तोंडाचा फटकळ.

"मॅडम, लोकं वाघ पाहाले येतात, अन् तुमी पाखरं मोजून राहिल्या," तो म्हणायचा.

ऑक्टोबरातली सकाळ होती. नदीकाठच्या ओल्या रेतीवर पिवळ्या फुलपाखरांचा थवा बसला होता. दीपमाला गुडघ्यांवर टेकून फोटो काढत होती. मागं घुरघुर झाली. तिला वाटलं, शालिकरामच खाकरला. वळून पाहते तर झुडपातून अस्वल बाहेर आलेलं, मागं दोन पिल्लं.

ओरडायलाही सवड मिळाली नाही. पंजा तिच्या उजव्या गालावर बसला आणि कपाळापासून जबड्यापर्यंत चामडी सोलली गेली. ती पालथी पडली. अस्वलानं डोक्यात दात रुतवले. कवटीवर दात घासल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला, तेव्हा कुठं तिच्या तोंडून किंकाळी फुटली.

रस्त्यावर जीपपाशी थांबलेला शालिकराम चाकं खोलायची लोखंडी टॉमी घेऊन धावत आला. त्यानं अस्वलाच्या पाठीत दणका हाणला. अस्वल उलटलं आणि त्यानं शालिकरामची डावी मांडीच धरली. मांस फाटलं. शालिकराम गुरासारखा हंबरला.

दीपमालेला एकाच डोळ्यानं दिसत होतं. तिनं नदीतला दगड दोन्ही हातांनी उचलला आणि अस्वलाच्या नाकाडावर घातला. पुन्हा घातला. जन्मात कधी न दिलेल्या शिव्या देत घालत राहिली. नाकातून रक्ताची धार लागली तशी अस्वल पिल्लांकडं पळालं. तरी ती दगड घेऊन त्याच्या मागं धावली.

"मॅडम! मांगं फिरा!" शालिकराम ओरडला.

ती परतली तेव्हा रक्तानं भिजलेल्या रेतीवर फुलपाखरं पुन्हा येऊन बसली होती, सोंडा खुपसून.

तिनं ओढणीनं त्याची मांडी आवळली. एकमेकांना धरून ते जीपपर्यंत पोचले. त्याचा डावा पाय लुळा पडला होता. "मी 'दाबा' म्हणलो का तुमी क्लच दाबा," स्टीअरिंगवर बसत तो म्हणाला. शेजारी बसून तिनं पाय लांबवला आणि त्याच्या सांगण्यावर क्लच दाबत राहिली. गाव येईपर्यंत जीप कितीदा तरी गचके खाऊन बंद पडली.

अमरावतीच्या दवाखान्यात दोघं वाचले. तिचा उजवा डोळा मात्र गेला.

"मेलं असतं ते अस्वल तर बरं झालं असतं," केशरबाई म्हणाल्या.

"मलेबी तसंच वाटते, आई. पण ते पळून राहिलं होतं, तरी मी मारालेच धावली. पिल्लं पाहून राहिली होती. भेव मले माह्या त्या रागाचंच वाटते."

केशरबाईंनी तिचा हात हातात घेतला.

एका डोळ्यानं उडत्या फुलपाखराचं अंतर तिला समजेना. बोट लावायला जावं तर पाखरू भलतीकडंच. तिनं काम बदललं. आता ती पानांवरची अंडी न् अळ्या शोधते. पुढच्या पावसाळ्यानंतर ती पुन्हा सिपनेकाठी गेली. लंगडा शालिकराम बरोबर होता आणि अस्वलानं दूर राहावं म्हणून स्टीलची थाळी बडवत होता.

"मॅडम, या आवाजानं तुमची पाखरं उडून राहिली."

"उडू द्या, शालिकभाऊ. अळ्या कुठं पळतात?"