नोटीस लावलीय

त्या माणसाला कुठली शिवी द्यावी, हे मला अजून सुचलेलं नाही. अंबडच्या शेअर रिक्षात तो रोज ड्रायव्हरशेजारी बसायचा. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मांडीवर डबा. त्याच कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या दोन बाया मागे माझ्या शेजारी बसल्या, की मान वळवून न चुकता म्हणायचा, "ताई, पदर आत घ्या, चाकात जाईल." मला तो भला वाटायचा.

परवा आम्ही चौघं रिक्षातून उतरलो, तर कंपनीचं गेट बंद होतं. त्यावर इंग्रजीत कागद चिकटवलेला. बायांनी मला वाचायला सांगितलं. पॅकिंगचं खातं आजपासून बंद, असं त्यात लिहिलं होतं. थोरली मटकन खालीच बसली. धाकटीने त्याला विचारलं, "साहेब, तुम्हाला ठावं व्हतं?"

"गेल्या आठवड्यातच कळलं होतं. पण असं तोंडी सांगायची पद्धत नाही. नोटीस लावलीय ना."

एवढं बोलून तो बाजूच्या छोट्या दाराकडे वळलासुद्धा! माझं डोकंच फिरलं. मी काही बोलणार, तोच धाकटी मागून कडाडली,

"मग आमच्या पदराचीबी नोटीसच लावायची व्हती!"